जुनी गिटार : काय बदलावे, काय राखावे

प्रस्तावना

सतारीची जवारी उतरली की ती कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला तर तो सांधावा लागतो, हार्मोनियमच्या भात्याला छिद्र पडले तर तेथे चामडे चिकटवावे लागते. वाद्य जुने झाले म्हणून ते टाकून देण्याची रीत संगीताच्या क्षेत्रात नाही. विसाव्या शतकात जन्मलेली इलेक्ट्रिक गिटारही या रीतीला अपवाद नाही. मात्र जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेणाऱ्यापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग बाजारात नवा मिळतो. जुना भाग स्क्रू काढून बाजूला करता येतो आणि त्याहून चांगला म्हणून विकला जाणारा दुसरा त्याच्या जागी बसवता येतो. मग दुरुस्ती कोठे संपते आणि जुन्या वाद्याच्या जागी दुसरेच वाद्य कोठे सुरू होते?

हा पाठ अभ्यासल्यानंतर इलेक्ट्रिक गिटारच्या प्रमुख भागांचे कार्य तुम्हाला सांगता येईल, जुन्या गिटारची तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे स्पष्ट करता येईल आणि मागे घेता येणारे काम व मागे न घेता येणारे काम यांतील फरक उदाहरणांनी दाखवता येईल.

मूळ पाठ

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची गिटार

लिओ फेंडर (१९०९-१९९१) यांना गिटार वाजवता येत नसे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन या गावी त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. बिघडलेले उपकरण उघडायचे, दोष असलेला भाग शोधायचा आणि तेवढाच बदलून ते पुन्हा चालू करायचे, हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पुढे ते गिटार तयार करू लागले तेव्हाही त्यांची दृष्टी दुरुस्ती करणाऱ्याचीच राहिली. त्या काळच्या बहुतेक गिटारांची दांडी सरसाने खोक्यात चिकटवलेली असे. ती वेगळी करणे हे निष्णात कारागिराचे काम होते. फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या भरीव लाकडाच्या गिटारची दांडी चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गिटारमध्येही हीच रचना होती. दांडी खराब झाली तर ती काढावी आणि दुसरी बसवावी, इतका साधा हा विचार होता.

या साधेपणामुळे जुन्या गिटारची दुरुस्ती सोपी झाली. तिच्यातील मोहही याच साधेपणातून निर्माण झाला, कारण जे सहज काढता येते ते काढून पाहण्याची इच्छा आवरणे कठीण असते.

आवाज कोठून येतो

सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारचे पोकळ खोके तारेचे कंपन मोठे करते. भरीव लाकडाच्या गिटारमध्ये हे काम पिकअप नावाचा भाग आणि त्याला जोडलेला ध्वनिवर्धक करतात. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सहा लहान दंडगोल चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. पोलादी तार चुंबकासमोर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वाचेच हे रूप होय. नायलॉनची तार बसवली तर हा पिकअप मुकाच राहील.

पहिली पाहणी

जुनी गिटार घरी आली की अनेकजण प्रथम नवे पिकअप मागवतात. ही घाई बहुधा व्यर्थ ठरते. ‘आवाजच चांगला नाही’ म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी गिटारांचा दोष गंजलेल्या तारा, साचलेली धूळ आणि चुकीची जुळणी यांपलीकडे गेलेला नसतो. म्हणून पहिली पाहणी पैसे खर्च न करता, केवळ डोळ्यांनी आणि कानांनी करावयाची असते.

सुतार लाकडाची रीप डोळ्यासमोर आडवी धरून तिचा बाक पाहतो. गिटारची दांडीही तशीच पाहावी लागते. सहा तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण सुमारे ४० ते ४७ किलोग्रॅम भरतो. एवढा ताण वर्षानुवर्षे सोसणारी दांडी पुढच्या बाजूस वाकू पाहते. तिला आवर घालण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते. अशा जुळवता येणाऱ्या सळईचे पेटंट गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले. सळईच्या टोकाचे नट आवळले की दांडी मागे खेचली जाते आणि सैल केले की ती पुढे येते. दांडी अगदी सरळ असूनही चालत नाही. कंप पावणाऱ्या तारेला जागा मिळावी म्हणून मध्यभागी सुमारे पाव मिलिमीटर इतका बाक ठेवावा लागतो.

हे नट एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, असा कारागिरांचा दंडक आहे. पाव फेरा फिरवावा, तारा पुन्हा सुरात लावाव्यात, लाकडाला स्थिरावण्यास वेळ द्यावा आणि मगच पुढचा पाव फेरा. नट घट्ट बसले असेल तर जोर लावणे म्हणजे सळई तोडणे होय. तुटलेली सळई बदलण्यासाठी दांडीच फोडून उघडावी लागते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर हे नट दांडीच्या धडाकडील टोकाला होते, त्यामुळे प्रत्येक वेळी दांडी काढून पाव फेरा फिरवून ती पुन्हा बसवावी लागे. लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते, त्यामुळे कोकण-गोव्यासारख्या किनारी प्रदेशात ऐन पावसाळ्यात जुळवलेली दांडी उन्हाळ्यात पुन्हा तपासावी लागते. त्यात वाद्याचा दोष मानण्याचे कारण नाही.

पडदे आणि सूर

सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. वादक रागानुसार ते वरखाली सरकवू शकतो. गिटारचे धातूचे पडदे दांडीवरील फलकात पाडलेल्या खाचांमध्ये कायमचे ठोकून बसवलेले असतात, आणि त्यांच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर आहे. या लांबीला १७.८१७ ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर मिळते. ते सुमारे ३६.४ मिलिमीटर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसरा पडदा. असे करत गेल्यास बाराव्या पडद्यावर लांबी बरोबर निम्मी, म्हणजे ३२४ मिलिमीटर उरते आणि मोकळ्या तारेच्या षड्जाचा तार षड्ज तेथे मिळतो.

प्रत्यक्षात मात्र बोटाने दाबताना तार किंचित ताणली जाते आणि तिचा सूर थोडा चढतो. जाड तारेत हा फरक अधिक असतो. तो भरून काढण्यासाठी घोडीवर प्रत्येक तारेखाली एक स्वतंत्र, पुढेमागे सरकणारा आधार असतो. बाराव्या पडद्यावर तारेला केवळ स्पर्श करून काढलेला सूर आणि तेथेच तार दाबून काढलेला सूर यांची तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल तर आधार मागे सरकवून तार लांबवावी, उतरलेला असेल तर पुढे आणावा. स्क्रूड्रायव्हर, सूर तपासण्याचे छोटे यंत्र आणि धीर एवढ्यावर हे काम होते. नव्या तारा न चढवता ते केले तर मात्र ते फुकट जाते, कारण झिजलेली तार कोणत्याही जुळणीत खरा सूर देत नाही.

पडदे झिजले असतील तर प्रश्न अवघड होतो. वर्षानुवर्षे तार एकाच जागी दाबली गेल्याने पडद्यावर खळगे पडतात आणि तार पुढच्या पडद्याला घासून खरखरते. अशा वेळी सर्व पडद्यांच्या माथ्यांवर शाई लावून सपाट कानशीने ते एका पातळीत आणले जातात आणि मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल केला जातो. शाई कोठे पुसली गेली व कोठे राहिली यावरून उंचसखलपणा कळतो. नवा पडदा जेमतेम एक मिलिमीटर उंच असतो, म्हणजे कानशीने घासलेला धातू ही खर्च झालेली पुंजी आहे. एकाच पडद्याचा खळगा काढण्यासाठी सर्व पडदे घासावेत काय, हा निर्णय म्हणूनच विचारपूर्वक घ्यावा लागतो. दांडी वाकलेली असताना पडदे घासणे ही तर घोडचूकच, कारण दांडी सरळ केल्यावर तेच पडदे वाकडे ठरतात.

‘गिटार सूर धरत नाही’ ही तक्रारही अशीच फसवी असते. दोष खुंट्यांना दिला जातो आणि नव्या खुंट्या बसवल्या जातात. बरेचदा तार अडकत असते ती दांडीच्या वरच्या टोकाला, सतारीतील मेरूच्या जागी असलेल्या खाचांच्या पट्टीत. खाच साफ करून तीत शिसपेन्सिलीची पूड घातली की तार मोकळी सरकते. पट्टी प्लॅस्टिकची आणि झिजलेली असेल तर तिच्या जागी हाडाची पट्टी घडवून बसवणे हा कमी खर्चाचा आणि खरोखर उपयोगी बदल होय.

पाठगत प्रश्न
१. दांडीतील सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक का फिरवू नये?
२. सतारीचे पडदे आणि गिटारचे पडदे यांत कोणता मूलभूत फरक आहे?

विजेचा भाग

स्ट्रॅटोकास्टरच्या पुढील प्लॅस्टिकची पट्टी उचलली की तीन पिकअप, एक निवडकळ, तीन फिरत्या कळा आणि दोन-चार वायरी एवढाच संसार दिसतो. आवाजाची कळ फिरवताना खरखर येत असेल तर ती बदलण्यापूर्वी संपर्क स्वच्छ करणारा फवारा मारून ती वीस-पंचवीस वेळा फिरवावी. बहुतेक वेळा तेवढे पुरते. पिकअप जिवंत आहे की नाही हे मल्टिमीटरने कळते. साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपास रोध दिसला तर वेढे शाबूत आहेत. काहीच प्रवाह वाहत नसेल तर ती बारीक तार आत कोठेतरी तुटली आहे, आणि पिकअप पुन्हा गुंडाळून घ्यावा लागेल. त्याआधी मात्र जोडणीचा डाख निखळला आहे का हे पाहावे. जुन्या डाखात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुणे आवश्यक आहे. गिटारमधील विद्युतदाब निरुपद्रवी असतो, पण व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ साठून राहतात. तो उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे.

या एकेरी पिकअपचा एक उपजत दोष आहे. भोवतालच्या विजेच्या तारांचे क्षेत्र तो टिपतो, आणि भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने गिटारमधून खर्जातील गुणगुण ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरील उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी उलट चुंबक आणि उलट वेढे असलेली दोन वेटोळी शेजारी ठेवली. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध येऊन नाहीशी होते, तारेचा आवाज मात्र एकत्र मिळतो. या पिकअपला हंबकर म्हणतात.

जुन्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हंबकर बसवावा, ही इच्छा येथे उत्पन्न होते. पण हंबकर रुंद असतो आणि तो मावण्यासाठी लाकडात मोठा खड्डा कोरावा लागतो. कोरलेले लाकूड परत येत नाही. एकेरी पिकअपच्याच मापाचे अरुंद हंबकर मिळतात. ते बसवून जुने पिकअप डबीत जपून ठेवले तर उद्या मन बदलले तरी वाद्य पूर्वस्थितीत आणता येते. पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूतारेशी जोडणे हा तर त्याहूनही सौम्य उपाय आहे. दोन मार्ग समोर असतील तर मागे घेता येणारा मार्ग आधी चोखाळावा, हे या कामातील पहिले सूत्र होय. महागडे कपॅसिटर बसवून आवाज बदलतो असे पुष्कळजण सांगतात. मूल्य तेच असेल तर त्या बदलात कानापेक्षा खिशालाच अधिक जाणवण्याजोगे असते.

रंग आणि लाकूड

सर्वांत अधिक नुकसान होते ते काचकागदाने. ओरखडे पडलेली, रंग उडालेली गिटार नवी दिसावी म्हणून तिचा सगळा रंग खरवडून काढला जातो. १९५० आणि १९६० च्या दशकांत फेंडरच्या गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लाखेचा पातळ थर असे. काळानुसार तो पिवळसर होतो आणि त्यावर बारीक भेगांची जाळी उमटते. ही जाळी पुन्हा निर्माण करता येत नाही. तसेच फलकाचे. तो शिसवीचा असेल तर कोरड्या पडलेल्या लाकडाला थोडे तेल पुसणे पुरेसे असते, घासून पातळ करण्याची गरज नसते. पूर्वी या फलकांसाठी ब्राझीलची शिसव वापरली जाई. १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. तिची जागा मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवीने घेतली. सह्याद्रीच्या रानात वाढणारे हे झाड दूरदेशीच्या वादकांच्या बोटांखाली पोहोचले ते असे.

तीन वादक, तीन उत्तरे

काहीच बदलू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. इंग्लंडचे एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातील एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या. त्या वेळी अशा गिटारांना फारशी किंमत नव्हती. तीन त्यांनी मित्रांना भेट दिल्या आणि उरलेल्या तिन्हींतील उत्तम भाग निवडून एक गिटार जुळवून घेतली. तिच्या काळ्या रंगावरून तिला ‘ब्लॅकी’ हे नाव पडले. ती १९७३ पासून १९८५ पर्यंत त्यांच्या हातात राहिली आणि २००४ मध्ये लिलावात ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. लिओ फेंडर यांच्या चार स्क्रूंनीच हे शक्य केले.

अमेरिकेत वाढलेले एडी व्हॅन हेलन यांचा मार्ग अधिक धीट होता. १९७० च्या दशकात त्यांनी ५० डॉलरचे धड आणि ८० डॉलरची दांडी घेऊन एक गिटार स्वतः जोडली. गिब्सनच्या गिटारमधून काढलेला हंबकर तीत बसावा म्हणून त्यांनी लाकूड सरळ कोरून काढले. मात्र त्यांचे धड स्वस्तातले, दुय्यम प्रतीचे होते. त्यात राखण्याजोगे काही नव्हते, म्हणून त्यात हरवण्याजोगेही काही नव्हते. ही पहिली पायरी विसरून केवळ पटाशीचे अनुकरण करणाऱ्यांनी नंतरच्या काळात अनेक चांगल्या जुन्या गिटारांत कायमचे खड्डे पाडले.

आयर्लंडचे रोरी गॅलाघर (१९४८-१९९५) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६१ मध्ये तयार झालेली त्यांची स्ट्रॅटोकास्टर आधी दुसऱ्या एका वादकाने मागवली होती. त्याला लाल हवी होती, आली ती मध्ये पिवळसर आणि कडांकडे गडद होत जाणारी. लाल गिटार येताच त्याने ही दुकानात विकली, आणि १९६३ मध्ये कॉर्क शहरात पंधरा वर्षांच्या गॅलाघर यांनी ती १०० पौंडांना, हप्त्यांवर घेतली. पुढे ती डब्लिनमध्ये चोरीस गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेल्या स्थितीत खंदकात सापडली. त्या पावसाने आणि वर्षानुवर्षांच्या घामाने तिचा बहुतेक रंग उडाला, उघडे लाकूड दिसू लागले. गॅलाघर यांनी ती पुन्हा रंगवली नाही. बाकी मात्र त्यांनी हवे तेव्हा हवे ते बदलले. खुंट्या बदलल्या, वरच्या टोकाची पट्टी अनेकदा बदलली, पडदे नवे बसवले, निवडकळ बदलली, आतील जोडणी स्वतःच्या सोयीची करून घेतली. यांतील प्रत्येक बदल वाजवण्यासाठी होता, आणि झिजणारा भाग झिजला म्हणूनच झालेला होता.

तिची दांडीही एकदा निकामी ठरली. घामाचा ओलावा शोषून ती इतकी वाकली की सळईने सरळ होईना. तिच्या जागी दुसरी दांडी बसवण्यात आली, पण मूळ दांडी टाकून दिली नाही. ती वाळत पडून राहिली आणि काळाने आपल्या मूळ आकारात आली. तेव्हा चार स्क्रू काढून ती पुन्हा जुन्या धडाला जोडली गेली. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात विकली गेल्यानंतर ही गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट म्हणून देण्यात आली, ती रंग उडालेल्या त्याच अवस्थेत.

स्वाध्याय

१. जुन्या गिटारच्या तपासणीत नवे पिकअप मागवण्याचा विचार शेवटी का यावा, ते पाठाच्या आधारे सात-आठ वाक्यांत लिहा.
२. एरिक क्लॅप्टन आणि एडी व्हॅन हेलन यांनी केलेल्या बदलांची तुलना करा. त्यांपैकी कोणाचे काम मागे घेता आले असते?
३. ‘कानशीने घासलेला धातू ही खर्च झालेली पुंजी आहे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील वाद्य, घड्याळ, शिवणयंत्र किंवा सायकल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराशी बोला. जुन्या वस्तूतील कोणता भाग तो बदलतो आणि कोणता राखतो, त्याची कारणे विचारून एक टिपण तयार करा.